मुकुटाच्या जागी काय?

अभिजात ऐतिहासिक नाटकांतील राजे, सरदार उचलून त्यांना नंतरच्या एखाद्या काळात नेऊन बसवणाऱ्या कथा हौशी वाचक हौसेने लिहीत असतात. इंग्रजीत अशा रसिकरचित लेखनाला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. शेक्सपिअरचा राजपुत्र हॅल त्यांत एखाद्या उद्योगपतीचा चिरंजीव होतो आणि ईस्टचीपचा गुत्ता महानगरातला बार होतो. विद्वानांच्या कपाळाला त्यामुळे आठ्या पडतात. मूळ कृतीची ही विटंबना आहे, असा त्यांचा आक्षेप असतो. तो टिकणारा नाही.

कारण हा उद्योग खुद्द शेक्सपिअरनेच करून ठेवला आहे. चौथ्या हेन्रीची कारकीर्द १३९९ ते १४१३ पर्यंतची. त्याच्यावरील दोन भागांच्या नाटकातला लठ्ठ, थापाड्या, उधारीवर पिणारा फॉल्स्टाफ ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या १६०२ साली छापल्या गेलेल्या नाटकात पुन्हा भेटतो. पण तेथील घरे, त्या चतुर गृहिणी, ते सारे गावच एलिझाबेथ राणीच्या अमदानीतले दिसते. मध्येच हूड राजपुत्राचा उल्लेख येतो खरा, परंतु दोन शतकांच्या अंतराची नाटककाराला फारशी फिकीर नाही. मग आजच्या लेखकांनाच सोवळे का पाळायला लावावे?

मात्र काळ बदलला की एक अडचण उभी राहते. हे सारे नाटक मुकुटावर तोललेले आहे. गुत्त्यात रमणारा हा तरुण उद्या राजा होणार, म्हणून त्याच्या मैत्रीला पहिल्यापासूनच मुदत आहे. राज्याभिषेक होताच तो भर रस्त्यात फॉल्स्टाफची ओळख नाकारतो. मुकुट काढून घेतला, तर हा नकार अटळ का ठरावा? त्याचे उत्तर नसेल, तर उरतो तो केवळ एका श्रीमंत मुलाचा उर्मटपणा.

गस व्हॅन सँट याने १९९१ च्या ‘माय ओन प्रायव्हेट आयडाहो’ या चित्रपटात हे उत्तर शोधले होते. त्याचा राजपुत्र अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या महापौराचा मुलगा आहे. तो रस्त्यावरच्या पोरांत राहतो. एकविसाव्या वर्षी वारसा हाती येणार, हे त्याला ठाऊक आहे. वारसा येतो आणि उंची उपाहारगृहात भेटायला आलेल्या जुन्या गुरूला तो झिडकारतो. म्हातारा त्याच रात्री मरतो. पुढे एकाच स्मशानभूमीत दोन अंत्यविधी चालतात, एक गंभीर आणि दुसरा दंगेखोर. राजा नसलेल्या देशातही बापाचे नाव आणि पैसा मुकुटाचे काम करतात, हे दिग्दर्शकाने अचूक हेरले.

तरीही काही निसटलेच. शेक्सपिअरचा राजा फॉल्स्टाफला दूर लोटतो तेव्हा आपण निम्मे त्याच्या बाजूने असतो, कारण बंडाने फाटलेले राज्य त्याला सांभाळायचे आहे आणि हा विनोदी म्हातारा निष्पाप नाही. सैन्यभरतीत तो लाच घेऊन धडधाकटांना सोडतो आणि दुबळ्यांना रणांगणावर पाठवतो. पोर्टलंडच्या तरुणापुढे असे कोणतेही राज्य नाही. त्यामुळे त्याचा नकार नुसता स्वार्थी वाटतो आणि प्रेक्षकाची सहानुभूती फार सहज एकीकडे झुकते.

हौशी लेखकाचा पाय नेमका येथेच घसरण्याचा संभव. फॉल्स्टाफवर त्याचे प्रेम असते. त्या प्रेमापोटी तो राजपुत्राला पश्चात्ताप करायला लावतो, दोघांची गळाभेट घडवतो आणि कथा गोड करतो. प्रेम समजण्यासारखे आहे, पण त्यात हिशेब राहून जातो. श्रूजबरीच्या लढाईत आपल्या दीडशे माणसांपैकी तिघेही जिवंत उरले नाहीत, असे फॉल्स्टाफ स्वतःच सांगतो, तेही जाता जाता. काळ बदलून लिहिणाऱ्याने या माणसांची सोय कोठे लावली, हे प्रथम पाहावे. पोर्टलंडमध्ये त्यांना जागा मिळाली नव्हती.