भिवंडीचा अहवाल आणि आपली वही



भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमाग आठवतात. आपल्या कापसाचे सूत होऊन त्यातले काही तिथल्या मागावर चढते, एवढाच आपला संबंध. पण सत्तेला वेसण कोणी घालायची, हा प्रश्न निघाला की आम्हाला हेच गाव आठवते.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल उसळली. लगोलग आपले जळगाव पेटले, महाड पेटले. सरकारने उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मादन यांचा चौकशी आयोग नेमला. भिवंडीच्या गुन्ह्यांचा तपास पोलिसांच्या एका खास पथकाकडे होता. आयोगाने त्या पथकावरच ठपका ठेवला. तपास एकतर्फी केला, मुसलमानांविरुद्ध खोटे पुरावे रचले, असे स्पष्ट लिहिले. सरकारने नेमलेल्या न्यायमूर्तींनी सरकारच्याच पोलिसांबद्दल असे लिहावे, ही थोडी गोष्ट नव्हे.

पण पुढे काय? चौकशी आयोगाचा कायदा १९५२ चा. त्यात आयोगाने चौकशी करायची, अहवाल द्यायचा. तो मानायचा की फडताळात टाकायचा हे सरकारने ठरवायचे. म्हणजे पंच बसवायचे, आणि निकाल मानायचा की नाही ते आरोपीच्या थोरल्या भावाला विचारायचे! १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. मुंबईच्या दंगलीवरच्या श्रीकृष्ण आयोगाचे तर याहून वाईट झाले. जानेवारी १९९६ मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळलाच. मे महिन्यात पुन्हा सुरू करावा लागला, आणि १९९८ मध्ये त्याचे निष्कर्ष सरकारने नाकारले.

भिवंडीतच दुसरा एक प्रयोग झाला. १९८८ नंतर तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बसवल्या. दोन्ही समाजांची माणसे आणि त्या भागाचा पोलीस एकाच बैठकीत. एरवी पोलीस विचारणार आणि लोक उत्तर देणार. इथे मागावरचा कामगारही पोलिसाला विचारू लागला. १९९२-९३ मध्ये शेजारी मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. सगळे श्रेय समित्यांना द्यावे असे आम्ही म्हणत नाही. शिवाय ही व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर उभी होती. साहेबाची बदली झाली की चांगुलपणाचीही बदली होते, हे तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना सांगायला नको.

आणि जिथे वेसणच नव्हती तिथे काय होते, ते कापूसवाल्याने अंगावर सोसले आहे. १९७२ पासून जवळपास तीस वर्षे कापसाची एकाधिकार खरेदी चालली. काटा सरकारचा, प्रत लावणार सरकारचा माणूस, भाव सरकारचा, चुकारा केव्हा द्यायचा तेही सरकार ठरवणार. बैलगाडी घेऊन सीमेपलीकडे विकायला निघावे तर नाक्यावर अडवणार. योजना शेतकऱ्याच्या भल्यासाठी होती, असे तिचे कर्ते सांगत. असेलही. पण प्रत खाली लावली तर गाडी वळवून न्यायला दुसरा दरवाजा नव्हता. दुसरा व्यापारी दारात उभा असता तर काट्यावरच्या माणसाची जीभ आपोआप मऊ झाली असती.

सरकारला एवढे बोलल्यावर आपल्या घरातही डोकवावे लागते. आमच्याच एका तालुक्यात मोर्चाच्या वर्गणीचा हिशेब दोन वर्षे एकाच कार्यकर्त्याच्या वहीत राहिला. त्याने पैसे खाल्ले असे कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. पण दोन वर्षे कोणी विचारलेच नाही, आणि एका बहिणीने विचारले तेव्हा तो रुसून बैठकीतून उठला. आम्ही त्याची समजूत काढत बसलो. तिच्या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. भावांनो, पोलिसांच्या पथकाला प्रश्न विचारणारा न्यायमूर्ती आपल्याला आवडतो. आपल्याला प्रश्न विचारणारी बाई मात्र आपण खाली बसवतो.

म्हणून या जिल्हा बैठकीत प्रत्येक तालुक्याने आपली वही आणायची आहे. पावत्यांची पुस्तके सोबत हवीत. ज्याने वही लिहिली त्याने ती वाचायची नाही. शेजारच्या तालुक्याने वाचायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. आणि पहिला प्रश्न त्या बहिणीचा घ्यायचा आहे, तो अजून बाकी आहे.