रंगाचे साक्षीदार आहेत, तोवरच

साठ-सत्तरच्या दशकातल्या रंगीत चित्रपटाची जुनी प्रत बहुधा गुलाबी होऊन गेलेली असते. गवत विटकरी, आभाळ मळकट, काळे केस तांबूस. 1950 साली ईस्टमनकलर आले आणि रंगीत चित्रपट काढणे सोपे झाले; मात्र या फिल्मवरचे रंगांचे तीन थर सारख्या वेगाने विटत नाहीत. निळसर-हिरवा थर बहुधा आधी जातो आणि मागे लाली उरते.

हा दोष आता पुण्याजवळच्या धायरीतल्या एखाद्या घरात बसूनही काढता येतो. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या रंगदुरुस्तीच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालते. तिच्या आलेखात लाल, हिरवा, निळा असे तीन पट्टे शेजारी-शेजारी दिसतात. सरसकट लाल कमी केला की केस काळे होतात खरे, पण चेहऱ्यांचा तजेलाही जातो. म्हणून सावल्या, मधल्या छटा आणि उजेड वेगवेगळे जुळवावे लागतात. एवढे करूनही नायिकेची साडी डाळिंबी होती की राणी रंगाची, हे आलेख सांगत नाही. त्यासाठी माणूसच लागतो.

श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’ला (1976) तो मिळाला. पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून उभ्या केलेल्या या चित्रपटाची निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तिचे पुनरुज्जीवन केले आणि मे 2024 मध्ये चित्रपट कान महोत्सवात दाखवला. या कामावर मूळ छायाचित्रणकार गोविंद निहलानींची देखरेख होती. त्याच वर्षी डिसेंबरात बेनेगल गेले.

2004 मध्ये पूर्ण रंगीत होऊन आलेल्या ‘मुघल-ए-आझम’ची गोष्ट वेगळी. 1960 च्या त्या चित्रपटाचा मोठा भाग कृष्णधवल होता. त्यात रंग नव्याने भरले गेले. प्रेक्षकांना ते आवडले, पण त्याला पुनरुज्जीवन म्हणू नये. प्रभात फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ने (1933) तर आणखी अवघड प्रश्न ठेवला आहे. तिच्या रंगीत प्रती जर्मनीत काढल्या, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. उद्या तिची रंगीत प्रत सापडलीच, तर ते फसलेले रंगही तसेच जपायला हवेत. भारतीय चित्रपटाच्या रंगाची सुरुवात कशी झाली, याचा तो पुरावा असेल.

राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानात पुनरुज्जीवनासाठी 2022 मध्ये 363 कोटी रुपये जाहीर झाले. त्यातला थोडा पैसा आणि वेळ त्या काळचे छायाचित्रणकार, रंगभूषाकार, वेशभूषाकार यांच्या आठवणी नोंदवण्यावर खर्च व्हावा. मूळ कपडे, स्थिरचित्रे, पोस्टर एकत्र करावीत. प्रत्येक नव्या प्रतीच्या आरंभी रंग कशावरून आणि कोणाच्या सांगण्यावरून ठरवले, हे लिहावे. मराठी निर्मात्यांच्या कुटुंबांनीही कपाटातले रिळांचे डबे संग्रहालयाकडे सोपवावेत, आणि स्कॅन झाले म्हणून मूळ रीळ टाकून देऊ नये.