खंजिरीचा ठेका आणि रॉयल्टीचा हिशेब

विजेच्या यंत्रांवर रचलेले नृत्यसंगीत आष्टीसारख्या तालुक्याच्या गावाला आता परके राहिलेले नाही. वराती आणि मिरवणुका त्याच्याच तालावर निघतात. त्याच्या कर्कशपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु या संगीतातून निर्माण होणाऱ्या द्रव्याची वाटणी कशी होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

एक उदाहरण घेऊ. 2015 साली ‘लीन ऑन’ हे गीत प्रसिद्ध झाले. ‘मेजर लेझर’ हा अमेरिकेतील संगीतसंघ, डीजे स्नेक हा फ्रेंच संगीतकार आणि मो ही डॅनिश गायिका यांची ही संयुक्त निर्मिती. त्या वर्षाअखेर ‘स्पॉटिफाय’ने तोवर सर्वाधिक ऐकले गेलेले गीत म्हणून त्याचीच नोंद केली. त्याचा चित्रपट मात्र भारतात चित्रित झाला. वास्तू इथल्या, वेशभूषा इथली आणि मागे नाचणारे कलावंतही इथलेच. 2016 साली कोल्डप्लेच्या एका गीतासाठी मुंबईचा असाच उपयोग झाला. ज्याची मालकी, त्याला प्रत्येक श्रवणागणिक मोबदला. ज्याचे केवळ श्रम, त्याला एकवार मजुरी, असा या धंद्याचा सर्वसाधारण नियम आहे. कापूस पिकवणाऱ्या वर्धा जिल्ह्याला हा नियम नव्याने समजावून सांगावयास नको.

यात केवळ परकीयांना दोष देणे सोपे आहे. पण आपलाच कायदा काय म्हणतो? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली आणि व्यापारी उपयोगावर रॉयल्टी मिळण्याचा सादरकर्त्या कलावंताचा हक्क मान्य झाला. मात्र त्याच दुरुस्तीने असेही ठरविले की, चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत देण्याची प्रथा नाही, तो या हक्कापुरता ‘कलावंत’ नव्हेच. म्हणजे नाव छापले गेले नाही, तर हक्कही बुडाला!

ही गोष्ट आपल्या दाराशी कशी येते, ते पाहावे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी या भागात जी जागृती केली, तिचा आष्टीच्या ऑगस्ट 1942 च्या उठावाशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. महाराजांचे निर्वाण 1968 सालचे. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे कॉपीराइट टिकतो; त्या हिशेबाने त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना 2028 अखेर सर्वांना खुल्या होतील. त्यानंतर कोणीही त्यांवर यंत्राचा ठेका चढवू शकेल. ज्या लोकगीतांचा कर्ताच अज्ञात आहे, ती तर आजही खुलीच आहेत.

कोणी म्हणेल, संगीत सर्वांचे असते. त्याला कुंपण कशाला? आक्षेप खरा आहे, आणि शब्दांना कुंपण घालावे असे मी म्हणतही नाही. भजन दूरवर जावे, तरुणांनी ते नव्या वाद्यांवरही वाजवावे. परंतु भजनाचे शब्द खुले झाले, तरी ते गाणाऱ्याचा गळा आणि खंजिरीवरचा हात खुला होत नाही. सादरकर्त्याचा हक्क सादरीकरणानंतर 50 वर्षे टिकतो. तो टिकवायचा, तर कोणी, कोठे, केव्हा गायिले याची नोंद हवी.

म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांचे ध्वनिमुद्रण होताना प्रत्येक गायक-वादकाचे नाव त्यात यावे. मोबदल्याचा करार लेखी असावा आणि त्याची प्रत मंडळाच्या दप्तरी राहावी. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना हे काम सहज करता येईल. त्याला लागते ती एक वही आणि थोडी चिकाटी. 2028 फार दूर नाही. तोवर ही वही भरली नाही, तर आपली खंजिरी जगभर वाजेल, आणि ती वाजविणारा मात्र चित्रातल्या गर्दीत निनावी उभा राहील.