बांधावरची माशी, लिंबावरचं पाखरू

मंडळी, सणसवाडीला कारखाने आले, तरी शिरूर-दौंडच्या बांधावर, एखाद्या झुडपात, फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं सापडतं. उघड्यावरचं, एकच; ही माशी पेटीत राहत नाही.

लिंबावरचं काळं-पिवळं फुलपाखरू दिसायला तिच्याहून देखणं. पण त्याची अळी! आधी पाखराच्या विष्ठेसारखी, मग हिरवी. कोवळी रोपं खाऊन नुसत्या काड्या ठेवते. डिवचली तर डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून वास सोडते. पोरांना दाखवा.

दोघंही फुलातला रस पितात. पण माशीला पिलांसाठी परागही लागतो. तो मागच्या पायांवर भरून नेताना ती फुलाफुलांत लोळते. फुलपाखरू सोंड घालतं, पितं, उडतं. अंगाला चिकटला तेवढाच पराग पुढं जातो.

कांद्याचं बी धरलंय ना? कांद्याच्या फुलाचा पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतं. ही ने-आण मुख्यतः माश्याच करतात. गोंडे उमललेले असताना विषारी औषध मारलंत, तर माश्या मरतील आणि बी कमी धरेल. फवारणी उमलण्याआधी उरका. लिंबाची रोपं थोडी असतील, तर अळ्या सकाळी हातानंच वेचा. आणि पोळं जाळणाऱ्याला बांधावर फिरकू देऊ नका.