नमुन्याबरहुकूम

अलिबागच्या किनाऱ्यावर एक वास्तू अशी आहे की जिच्या बांधकामात लोखंड कटाक्षाने टाळले गेले. ती तेथील चुंबकीय वेधशाळा होय. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असत. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे नोंदी बिघडणार हे उघड होते. तत्कालीन संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागेत पोरबंदरी दगडाची इमारत उभी राहिली आणि १९०४ मध्ये तेथे काम सुरू झाले. परंतु नवी वेधशाळा सुरू झाली म्हणून जुनी लगेच बंद झाली नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन्हींचा मेळ कसा बसतो हे कागदावर उतरल्यानंतरच कुलाब्याच्या नोंदी थांबल्या. ट्राम धावली १९०७ मध्ये.

आज त्याच अलिबागेतील बंगल्यांत लाखो रुपयांच्या स्पीकरच्या जोड्या बसवल्या जातात. एवढे पैसे नेमके कशाचे, असा प्रश्न व्यापारी घरात निघणे स्वाभाविक आहे. चुंबक, तारेचे वेटोळे, हवा हलवणारा शंकू आणि लाकडी पेटी, इतकाच तर ऐवज! त्याचे उत्तर वेधशाळेच्या त्या जोडनोंदींतच आहे. उत्तम आवाजाचा एक नमुना कसबी कारागीर करू शकतो. शंभरावी जोडी त्या नमुन्याबरहुकूम उतरणे हेच खरे अवघड काम.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनच्या बीबीसीचे आहे. बाहेरगावच्या प्रक्षेपणासाठी त्यांच्या गाड्या जात. गाडीत जागा तोकडी आणि कानावर चढवायचे हेडफोन समाधानकारक नाहीत. म्हणून १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांच्या अभियंत्यांनी सुमारे तीस सेंटिमीटर उंचीची, पाचएक लिटर पोटाची एक छोटी पेटी तयार केली. तिचे नाव एलएस३/५. आवाज अपेक्षेपेक्षाही सरस निघाला. थोडे नग तयार झाले, वापरात आले आणि आणखी हवेत अशी मागणी झाली.

येथेच अडचण उभी राहिली. आतील दोन्ही एकके, म्हणजे मोठा शंकू आणि उंच स्वरांचा ट्वीटर, केईएफ या कंपनीकडून येत. नव्या खेपेतील एकके जुन्यांसारखी नव्हती. नाव तेच, क्रमांक तोच, गुणधर्म मात्र वेगळे. कापसाच्या किंवा धान्याच्या व्यापारात ज्याने आयुष्य घालवले, त्याला हा अनुभव नवा नाही. अभियंत्यांपुढे दोन वाटा होत्या: फरक कोणाच्या लक्षात येणार नाही असे समजून माल पुढे ढकलणे, किंवा रचना पुन्हा हाती घेणे. त्यांनी दुसरी वाट धरली. स्वरांची वाटणी करणारे विद्युत् मंडळ नव्याने आखले, पेटीत फेरबदल केले आणि नावापुढे ‘ए’ हे अक्षर जोडले. जगाला ठाऊक आहे तो हाच एलएस३/५ए.

या फेरआखणीतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. ट्वीटरभोवती नमद्याच्या पट्ट्या बसवल्या, कारण कडांवर आपटून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळत होता. विद्युत् मंडळात ट्वीटरची पातळी किंचित वरखाली करण्याची सोय ठेवली, म्हणजे एककांतील लहानसहान फरक प्रत्येक पेटीत भरून काढता येत. पेटी बर्च प्लायची. आतील पट्ट्या बीच लाकडाच्या. त्याऐवजी पाइनच्या पट्ट्या घातल्या तर आवाजाला वेगळाच रंग चढे. बाहेरून न दिसणारी पट्टी, पण ऐकणाऱ्या कानाला ती कळत होती!

शंकूची कथाही अशीच. पूर्वी शंकू कागदाचे असत. कागद दमट हवेत ओल धरतो आणि लगद्याच्या प्रत्येक घाण्यागणिक थोडा बदलतो. म्हणून बीबीसीने आधीपासूनच बेक्स्ट्रीन नावाच्या प्लास्टिकची कास धरली होती. ते कागदापेक्षा गोड वाजते की नाही यावर रसिकांनी वाद घालावा. दोन शंकू एकमेकांसारखे निघण्याची शक्यता मात्र वाढली. पारख करताना यंत्राच्या आलेखावरच भिस्त नव्हती. ओळखीच्या माणसाचे बोलणे समोर ऐकायचे आणि लगेच तेच स्पीकरमधून ऐकायचे, अशीही परीक्षा असे.

पुढे रॉजर्स, चार्टवेल, स्पेंडर, हारबेथ अशा निरनिराळ्या कंपन्यांना परवाने दिले गेले. अट एकच, पेटी बीबीसीच्या मापात बसली पाहिजे. एककांतील तफावत पुन्हा वाढली तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस मंडळ परत बदलले आणि पंधरा ओहमचा स्पीकर अकरा ओहमचा झाला. जुन्याचे चाहते आजही नव्याला नाके मुरडतात, तो भाग वेगळा.

अलिबागच्या खाऱ्या, दमट हवेत स्पीकर बसवू पाहणाऱ्याने म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न शंकू आणि पेटी कशाची आहे हा विचारावा. दुसरा असा: दुकानात ऐकवलेली जोडी आणि घरी पोहोचणारी जोडी यांच्या मोजणीचे आलेख दाखवता येतील काय? काही कंपन्या ते प्रत्येक जोडीसोबत देतात. दुकानदार ते देऊ शकत नसेल, तर ऐकलेलीच जोडी बांधून मागावी.