छताला भोक पाडण्यापूर्वी

मोटारीमागे जोडून न्यायचे फिरते घर ही अमेरिकेतील सामान्य गृहस्थाची जुनी हौस आहे. त्यातही काटकसरी माणसाची आवड म्हणजे मिनेसोटा राज्यात तयार होणारा ‘स्कँप’ हा तेरा फुटी ट्रेलर. फायबरग्लासची दोन कवचे साच्यातून काढून, नारळाच्या दोन करवंट्या जुळवाव्यात तशी ती कमरेच्या उंचीवर जोडलेली असतात. त्यामुळे झरोक्याची जागा सोडली तर छत अखंड असते. अशा ट्रेलरवर दूरचित्रवाणीची अँटेना बसवायची म्हटली की चर्चा होते ती चित्र किती स्पष्ट दिसेल याची. खरा प्रश्न त्या अखंड छताला भोक पाडावे की नाही, हा आहे.

हाती भ्रमणध्वनी असताना अँटेना हवीच कशाला, असे कोणी विचारील. मध्य अमेरिकेच्या सपाट मुलखात वसंतापासून ग्रीष्मापर्यंत टोर्नेडोचे भय असते. मुक्कामाच्या रानात भ्रमणध्वनीची रेंज मिळेलच असे नाही. स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र मात्र वादळाच्या वाटेवरील गावांची नावे सतत सांगत राहते, तेही कोणतीही वर्गणी न घेता. टोर्नेडोपुढे ट्रेलर हा आसरा नव्हेच. वेळीच पक्क्या इमारतीत जावे लागते. त्या दृष्टीने ही अँटेना निव्वळ करमणुकीची वस्तू राहत नाही.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांनी जुने ॲनालॉग प्रक्षेपण बंद केले. पूर्वी लहर क्षीण झाली की पडद्यावर मुंग्या दिसत, पण बातम्या ऐकू तरी येत. डिजिटल प्रक्षेपणात ही मधली पायरी उरलेली नाही. चित्र येते तेव्हा स्वच्छ येते. नाहीतर चौकोनी ठिकऱ्या होऊन गोठते, किंवा येतच नाही. म्हणून अँटेनेचा रोख मनोऱ्याकडे असणे आता अधिकच महत्त्वाचे झाले आहे. चौदाव्या वाहिनीच्या लहरीसाठी सुमारे ३२ सेंटिमीटरचा आडवा दांडा पुरतो. सातव्या ते तेराव्या वाहिनीसाठी ७० ते ८५ सेंटिमीटर लागतात. तळहाताएवढी सुबक अँटेना घेणाऱ्याची निराशा होते ती बहुधा या दुसऱ्या गटात.

उंचीबद्दलही एक गैरसमज आहे. सपाट प्रदेशात ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्याची लहर तीन मीटरवरील अँटेनेला साधारण ७८ किलोमीटरपर्यंत गाठते. अँटेना दुप्पट उंच केली तरी हा पल्ला फार तर ८१ होतो. काठी उंच करण्याचा खरा लाभ शेजारचे ट्रेलर आणि झाडे ओलांडण्यात आहे. लहर वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरचेही तसेच. लांब तारेत होणारी घट तो भरून काढतो. पण लहरच पोहोचत नसेल तर तो काय वाढवणार? नसलेल्या मुद्दलावर व्याज मिळत नाही. शिवाय त्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते आणि रात्री त्याचे बटण चालू राहिले तर सकाळी दिवा मंद.

छतावर कायमची बसणारी, आतून दांडा फिरवून वर करायची पंखाकृती अँटेना मोठ्या ट्रेलरांवर सर्रास दिसते. ती खाली न करताच गाडी हाकणारे आणि पहिल्याच फांदीला ती गमावणारेही कमी नाहीत. लहान ट्रेलरच्या वक्र छतावर तिला बैठकही नीट मिळत नाही. तरीही भोक पाडायचेच असेल तर बैठकीखाली ब्युटिलची चिकट पट्टी घालावी, स्क्रू बेताने आवळावेत आणि वरून छतासाठीचे खास सीलंट लावावे. साधे सिलिकॉन टाळावे. त्यावर पुढे दुसरे काही चिकटत नाही. इतके करूनही काम संपत नाही. दरवर्षी शिडी लावून तो सांधा तपासावा लागतो. थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी आतल्या अस्तरामागून उतरते आणि डाग दिसेपर्यंत लाकडी फळी कुजू लागलेली असते. अँटेनेची किंमत एकदाच देऊन भागते, भोकाची नाही.

तेरा फुटी ट्रेलरसाठी म्हणूनच बाहेरची सुटी काठी उत्तम. ती ट्रेलरच्या जोडदांड्याला पट्ट्याने बांधता येते, हाताने फिरवता येते आणि तार खिडकीच्या फटीतून आत घेता येते. आत घेण्यापूर्वी तारेला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून वाहणारे पाणी बाहेरच गळते. काठी उभी करताना मात्र वर विजेच्या तारा नाहीत हे आधी पाहावे.

मुक्कामी पोहोचल्यावर अँटेना वळवून वाहिन्यांचा शोध नव्याने घ्यावा लागतो; कालच्या गावची यादी आज निरुपयोगी. अनुभवी प्रवासी त्याच वेळी आपण कोणत्या काउंटीत आहोत हे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवतो. केंद्र इशारा देते तो बहुधा काउंटीच्या नावाने, आणि परगावच्या माणसाला ते नाव आपलेच आहे हे कळत नाही. आभाळ गडगडू लागण्यापूर्वीच काठी उतरवलेली बरी. त्यानंतर हवामान खात्याचा बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ उशाशी असावा.