साक्षीदार पर्वताचे म्हणणे कोण ऐकणार?

तिबेटी पंचांगातील सातव्या महिन्याची पौर्णिमा साधारणतः ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये येते. त्या दिवशी सिक्कीममध्ये ‘पांग ल्हाबसोल’ साजरा होतो. राज्यभर सार्वजनिक सुटी असते. रावांगलासारख्या ठिकाणी मठाच्या प्रांगणात धूप जळतो, ग्रंथपठण होते आणि लाल मुखवटा धारण केलेला कांचनजंगा स्वतः योद्ध्यांसह नृत्यात अवतरतो. तिसरे चोग्याल चाकदोर नामग्याल यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभी या योद्धानृत्याला आजचे रूप दिले, असे मानले जाते. पर्यटन खात्याच्या पत्रकात या उत्सवाची ओळख येथेच संपते. त्याचा खरा अर्थ मात्र ‘पांग’ या शब्दात दडलेला आहे. पांग म्हणजे साक्ष.

लोकपरंपरा सांगते, की तेराव्या शतकात लेपचांचा प्रमुख थेकाँग तेक आणि तिबेटकडून आलेला भुतिया सरदार खे बुम्सा यांनी उत्तर सिक्कीममधील काबी लुंगचोक येथे रक्तबंधुत्वाची शपथ घेतली. साक्षीला देव होता तो कांचनजंगा. त्या स्थळी उभे असलेले पाषाण आजही पूजले जातात. एका अर्थी हा स्थानिक आणि आगंतुक यांच्यातील करार होता आणि पांग ल्हाबसोल हे त्याचे दरवर्षीचे नूतनीकरण आहे.

या कराराने श्रद्धांचाही मेळ घातला. पद्मसंभवांनी येथील पर्वतदेवतांना वश करून धर्मरक्षक बनवले, असे बौद्ध परंपरा मानते. लेपचांच्या दृष्टीने मात्र हा पर्वत बौद्ध धर्माच्या आगमनापूर्वीपासूनच त्यांचा पूर्वज आहे. पहिले स्त्री-पुरुष त्याच्याच हिमातून घडले आणि मृताचा आत्मा नदीकाठाने वर चढत त्याच्याकडेच परततो, अशी त्यांची धारणा आहे. त्या आत्म्याला वाट दाखवण्याचे काम ‘मुन’ करते. गावासाठी देवतांना आवाहन करणारा ‘बोंगथिंग’. इंग्रज अभ्यासक जॉफ्री गोरर १९३७ मध्ये झोंगू खोऱ्यातील लिंगथेम गावी राहिला, तेव्हा लामा आणि मुन यांचे विधी एकाच गावात, एकाच घरासाठी शेजारी शेजारी होताना त्याने पाहिले. परस्परांशी न जुळणाऱ्या दोन श्रद्धा एकत्र कशा नांदतात, हा प्रश्न अभ्यासकाला पडला. गावाला तो कधी पडलाच नव्हता.

राज्यसंस्थेने या श्रद्धेची दखल घेतलीच नाही, असे म्हणता येणार नाही. युकसोमजवळचा राथोंग चू जलविद्युत प्रकल्प पवित्र भूमीला बाधक ठरतो, या आक्षेपावरून १९९७ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी सिक्कीम सरकारने १९९१ च्या प्रार्थनास्थळ कायद्याच्या आधारे पवित्र शिखरे, गुहा, सरोवरे आणि शिळा यांची यादी अधिसूचित केली. त्यानंतर कांचनजंगावर सिक्कीमच्या बाजूने चढाई करण्यास बंदी आली. २०१६ मध्ये कांचनजंगा राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नैसर्गिक आणि सांस्कृतिक अशा दोन्ही निकषांवर निवडले गेलेले ते भारतातील पहिले स्थळ.

शिखराला मिळालेला हा आदर त्याच्या पायथ्याशी वाहणाऱ्या नद्यांच्या वाट्याला आला नाही. तिस्ता आणि तिच्या उपनद्यांवर प्रकल्पांची मालिका आखली गेली. २००७ मध्ये लेपचा तरुण दीर्घ उपोषणाला बसले, तेव्हा कुठे झोंगूतील काही प्रकल्प मागे घेण्यात आले. चुंगथांग येथील १,२०० मेगावॅटचा ‘तिस्ता-३’ मात्र २०१७ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात दक्षिण ल्होनाक हे हिमसरोवर फुटले, काही तासांतच धरण वाहून गेले आणि खालच्या खोऱ्यात अनेकांचे बळी गेले. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीने त्याच जागी पूर्वीपेक्षा कितीतरी उंच काँक्रीटचे धरण बांधण्याची शिफारस केली, तीही नव्याने जनसुनावणी न घेता.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घेतला पाहिजे. देशाला कोळशाविना वीज हवी आहे. लहानशा डोंगरी राज्याला महसूल हवा आहे. खुद्द लेपचा समाजातही प्रकल्पांविषयी एकमत नाही. श्रद्धेला नकाराधिकार दिला, तर कोणतीही योजना उभी राहणार नाही, असे कोणी म्हणेल. ते अगदीच चुकीचे नाही. हिमसरोवर कधी फुटेल, हे बोंगथिंग सांगू शकत नाही; त्यासाठी हिमनद्यांचे शास्त्रीय निरीक्षणच हवे. पण नदी कोणाची, तिच्यावर किती भार टाकायचा आणि धोका कोणी पत्करायचा, हे प्रश्न भूगर्भशास्त्राच्या कक्षेतले नाहीत. ते संमतीचे प्रश्न आहेत. ज्यांच्या घरांवरून पूर गेला, त्यांना पुन्हा विचारण्याचीही गरज न वाटणे हा विज्ञानाचा विजय नव्हे.

संमतीची चौकट कायद्यात आहे. २०१३ च्या नियमगिरी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांकडे सोपवला, तो २००६ च्या वनहक्क कायद्याच्या बळावर. सिक्कीममध्ये मात्र हा कायदा कागदावरच राहिला आहे. खऱ्या अर्थाने वननिवासी म्हणावेत असे लोक आपल्याकडे नाहीत, अशी राज्याची भूमिका आहे. ज्या समाजाची वंशकथाच पर्वत आणि अरण्यापासून सुरू होते, त्याच्याबाबत ही भूमिका अनाकलनीय आहे.

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. तिस्ता-३ च्या फेरबांधणीपूर्वी बाधित गावांत नव्याने जनसुनावणी व्हावी. वनहक्क कायद्याविषयीच्या भूमिकेचा राज्याने फेरविचार करावा. आणि पर्यावरणीय परिणामांच्या अभ्यासात पवित्र भूगोलाला परिशिष्टातून काढून मूळ प्रकरणात स्थान द्यावे. तो लिहिताना मठातील लामांबरोबर मुन आणि बोंगथिंग यांनाही विचारावे. त्यांची संख्या रोडावते आहे आणि त्यांचे ज्ञान मौखिक आहे, हे लक्षात घेता यात उशीर परवडणारा नाही.

काबीच्या पाषाणांपाशी झालेल्या करारात बाहेरून आलेल्याने आधी तिथल्या माणसाची संमती घेतली होती. आज विकासाच्या नावाने त्या खोऱ्यात येणाऱ्यांकडून सिक्कीमची अपेक्षा त्याहून अधिक नाही.